एकेचाळिसावी पुतळी

“खरी की खोटी, तेवढं एका वाक्यात सांगा,” सुभेदार हणमंतराव साळुंखे रुमालाची गाठ सोडत म्हणाले. “पण सांगायचं ते अण्णांनीच. आईनं बजावून पाठवलंय. अण्णांच्याच हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्या नाही.”

रुमालात पुतळ्यांची माळ होती. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीवर उठवलेली मूर्ती, लाल रेशमात ओवलेली, मागं जरीचा गोंडा.

“अण्णा पतपेढीत गेलेत. तासाभरात येतील. बसा,” मी म्हणाले.

“बसायला वेळ नाही हो. तीनची एसटी गाठायचीय.”

“मग द्या इकडं. मीही त्यांचीच मुलगी आहे.”

नको तिथं जीभ चालवायची माझी सवय जुनी. त्या दिवशी ती फार महागात पडली.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. साताऱ्यात मोती चौकाजवळच्या बोळात आमचं पटवेकऱ्याचं दुकान. सोनार दागिना घडवतो आणि पटवेकरी तो ओवतो. दोरा, गोंडा, मागची गाठ हे आमचं काम. अण्णा वयाच्या बाविसाव्या वर्षापासून त्या गादीवर बसत होते. मी मात्र पुण्याला एका पेढीवर दोन वर्षं जुन्या दागिन्यांची पारख शिकून नुकतीच परतले होते. डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं, कसाचा दगड आणला होता, आणि हे सगळं वापरून दाखवायची खाजही भरपूर आणली होती. गिऱ्हाईक मंगळसूत्र ओवून घ्यायला आलं तरी मी त्याच्या हातातल्या अंगठीकडं भिंगातून बघायची. अण्णा म्हणायचे, “शकू, लोक येतात ते दागिना ओवायला, तपासून घ्यायला नाही.”

हणमंतरावांची अडचण खरी होती. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, बावन्न वर्षांचा, मिशा वळलेल्या, बोलणं सरळ. धाकट्या मुलीचं, नंदाचं लग्न ठरलं होतं. आजीची पुतळ्यांची माळ नातीच्या गळ्यात घालायची हे घरात ती जन्मली तेव्हापासून ठरलेलं. आणि साखरपुड्यात नवरदेवाच्या आत्यानं कौतुक करता करता म्हातारीच्या मानेवरून माळ फिरवून बघितली. गोंड्याजवळची शेवटची पुतळी पांढरी पडलेली. आत्याबाई चार बायकांत म्हणाल्या, “अगोबाई, मुलाम्याची दिसते. जुनी जुनी म्हणून बाजारातली नवी घातली वाटतं.”

“तेव्हापासून तिकडून निरोपावर निरोप,” हणमंतराव म्हणाले. “माळ जुनी आहे असं जाणकाराचं लिहून आणा म्हणतात. बोलत नाहीत उघड, पण खोटा माल देणारी माणसं कशी असतील, असा सूर आहे. पोरगी दोन दिवस जेवली नाही. सोन्याचं राहू द्या, बाई, नाव जातंय.”

“आता बघते,” मी म्हटलं आणि भिंग लावलं.

जुना दागिना ओळखायची अण्णांची एकच रीत होती. ते म्हणायचे, तोंड बघू नकोस, पाठ बघ. तोंड कुणीही जुनं करतं. नवी चकती तेजाबात बुडवली, खाचांत काळं भरलं, की ती शंभर वर्षांची दिसते. पण पाठ वर्षानुवर्षं अंगाला घासते, घामानं झिजते, आणि ती झीज कुठं जास्त, कुठं कमी असते. कानशीनं केलेली झीज सगळीकडं सारखी. शिवाय पुतळीला वर जे नाकं असतं, त्यातून दोरा जातो. दोरा ते आतून खात खात जातो. हे काम माणसाच्या हातानं होत नाही. त्याला दोन-तीन बायकांची आयुष्यं लागतात.

मी एक एक पुतळी उलटी करून बघत गेले. पाठी गुळगुळीत, नाकी खाल्लेली, सोनं चोख. छातीवर येणाऱ्या पुतळ्या जास्त झिजलेल्या, खांद्यांवरच्या कमी. अशी माळ दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेली नव्हती. चाळीस झाल्या. आणि गोंड्याजवळची शेवटची हातात आली.

ती वेगळी होती. पत्रा पातळ. बाकीच्यांवर दोन उभ्या आकृत्या, हिच्यावर एकटी बाई. काठाला शेजारी शेजारी दोन बारीक खड्डे. दगडावर हलकेच ओढली. आधी पिवळी रेघ आली, मग पांढरी. आत चांदी, वर सोन्याचा मुलामा.

“सुभेदारसाहेब,” मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात जो आनंद होता तो आठवला की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, “चाळीस पुतळ्या अस्सल. एकेचाळिसावी खोटी. कुणीतरी सोन्याची काढून ही घातलीय. नक्कल करणाऱ्यानं साचासुद्धा धड शोधला नाही. हे बघा, चिमट्यानं धरल्याचे वळ पण राहिलेत.”

त्यांचा चेहरा उतरला. “पण माळ एकेचाळीसचीच आहे. मी मोजायला शिकलो ते ह्या माळेवर. आईच्या पाठीशी बसायचं, उजव्या खांद्यापासून सुरू करायचं आणि गोंड्यापाशी आलं की एकेचाळीस. शाळेत पोरं शंभरापर्यंत म्हणायची, मी एकेचाळीसला थांबायचो. मास्तर मारायचे.” ते हसले, पण हसू टिकलं नाही. “मग सोन्याची काढली कुणी? शेवटची ओवली कुणी ही?”

मी गोंडा उलटा केला. प्रत्येक पटवेकऱ्याची गाठ त्याची त्याची असते. आमच्या अण्णांची गाठ म्हणजे लाल रेशमात आतून हिरवा एकच धागा. बाहेरून दिसत नाही, सोडणाऱ्यालाच कळतो. इथं तो हिरवा धागा होता.

“आई तर म्हणते, जन्मभर अण्णांकडंच ओवली,” हणमंतराव सावकाश म्हणाले. त्यांनाही आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं.

अण्णा आले ते त्याच वेळी. छत्री कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या, गादीवर पसरलेली माळ पाहिली, माझ्या हातातलं भिंग पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. ते नेहमीसारखे गादीवर बसले.

“अण्णा, ही गाठ तुमची?” हणमंतरावांनी विचारलं.

“माझीच.”

“मग ही मुलाम्याची पुतळी कुणी घातली?”

“मीच घातली.”

“आणि सोन्याची?”

अण्णांनी माळ हातात घेतली, शेवटच्या पुतळीवरून अंगठा फिरवला. “तुमची एक पुतळी कमी भरतेय ना? मी भरून देतो. तशीच, जुनी. लग्नाच्या आत.”

“ही चूक म्हणायची का चोरी?”

“तुम्ही म्हणाल ते,” अण्णा म्हणाले.

हणमंतराव उठले. त्यांचा आवाज चढला नाही. “माळ इथंच राहू द्या. उद्या आईला घेऊन येतो. तिनं तुमच्यावर आयुष्यभर भरवसा ठेवला, तिच्यासमोर सांगा.” आणि तीनची एसटी सोडून ते नुसतेच चौकाकडं चालत गेले.

मी अण्णांवर तुटून पडले. असं कसं झालं, कधी झालं, कुणासाठी केलंत, निदान मला तरी सांगा. अण्णांनी डब्यातलं थालीपीठ काढलं, अर्धं माझ्यापुढं ठेवलं. “खा आधी.”

“तुम्ही चोर नाही, अण्णा.”

“मघाशी तर तू भिंगातून बघून सांगितलंस.”

“मी पुतळीबद्दल सांगितलं.”

“मग पुतळीच बघ. अर्धवट बघून उठलीस.”

मला रडू येत होतं, म्हणून भिंग लावणं बरं वाटलं. मी ते दोन खड्डे पुन्हा पाहिले. अर्धा तास पाहिले. मग दिसलं. मुलामा खड्ड्यांच्या आतही गेला होता, तळापर्यंत. चिमट्यानं धरली असती तर सोनं फाटून खाली चांदी दिसली असती. म्हणजे खड्डे आधीचे होते, सोनं नंतर चढलं. आणि पाठ? पाठ तर पार झिजून गेली होती. कुणी नवी नक्कल आणून बसवली असती तर तिची पाठ अशी झाली नसती.

“अण्णा, ही जुनी आहे. खूप जुनी.”

“हूं,” अण्णा म्हणाले.

“मग आहे काय ही?”

“ते माझ्यापाशी ठेवायला दिलेलं आहे, शकू. माझं असतं तर तुला सांगितलं असतं.” एवढं बोलून ते गोंडे कातरायला बसले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी उरलेलं थालीपीठ मुकाट्यानं संपवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सुभेदारांच्या आई, अनसाबाई आल्या. लहानखुऱ्या, नऊवारी, हातात काठी, मागं मुलगा. गळ्यात नुसते काळे मणी. माळेशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. अण्णा उठून उभे राहिले.

“बसा वो अण्णा,” त्या म्हणाल्या. “काल रातच्याला ह्यो म्हणला, तुमचा अण्णा चोर निघाला. मी म्हणलं, मला सकाळी घिऊन चल. हतं बोलायचं न्हाई ते मी तिथं बोलीन.”

“अनसाबाई, माझी काही तक्रार नाही,” अण्णा म्हणाले. “मी भरून देतो म्हटलंय. राहू द्या.”

“पन्नास वर्सं ऱ्हाऊ दिलं. आता बास.” त्यांनी गादीवरची माळ जवळ ओढली, शेवटची पुतळी चिमटीत धरली आणि मुलाकडं न बघता म्हणाल्या, “हणमंता, ही पुतळी न्हाई. टाक हाय. सवतीचा टाक.”

बाहेर कल्हईवाल्याचा भाता चालू होता. मला लगेच आठवलं. आमच्याकडं बायको मेलेल्या घरी दुसरी बायको आली की पहिलीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्ती, करून हिच्या गळ्यात घालतात. मेलेलीचा मान तिला मिळत राहावा, म्हणून. हे मला आजीनं सांगितलेलं, पण पुण्याला जाऊन सोन्याचे कस शिकता शिकता मी ते साफ विसरले होते. एकटी बाई का, हे मला विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं.

“कुणाचा टाक?” हणमंतरावांनी विचारलं.

“सारजाचा. तुज्या आईचा.”

ते खाली बसले. खुर्ची होती, पण ते जमिनीवरच बसले.

“तू धा महिन्यांचा व्हतास,” अनसाबाई सांगू लागल्या. “ती तापानं गेली. मी सतरा वर्साची, लगीन लावून आले, त्याच दिशी गळ्यात ही माळ घातली आन काळ्या दोऱ्यात ह्यो टाक. तू समोर रडत व्हतास. दात येत व्हते तुला. कुणाच्या हातनं गप होईना. मी उचलून घेतला तसा तू ह्यो टाक तोंडात घातलास आन गप झालास. मग रोज त्येच. चावायचास, चघळायचास, तसाच झोपायचास. मी म्हनायची, खा बाबा, तुजीच हाय ती.”

मी त्या दोन खड्ड्यांकडं पाहिलं. चिमट्याचे वळ म्हणून कालच मी ते सुभेदारांना दाखवले होते.

“तीन-चार वर्साचा झालास आन इचाराय लागलास, ही कोन? ही बाई कोन?” अनसाबाई म्हणाल्या. “मला भ्या वाटलं रं. मला म्होरं लेकरू झालं न्हाई. वाटलं, ह्याला कळलं तर मला आई म्हनायचा न्हाई. टाक तर काढता येत न्हाई, तिचा मान हाय त्यो. मग हतं आले. अण्णा तवा नवंनवं बसाय लागले व्हते. म्हणलं, ह्याला सोन्याचं पानी चढवा आन माळंतच मागं ओवा, पदराखाली. चाळीस पुतळ्या व्हत्या, त्याच्या एकेचाळीस झाल्या. अण्णांकडनं शब्द घेतला. म्होरं त्वा मोजाय लागलास आन एकेचाळीस म्हनलास, तवा मी काय तुला चूक म्हननार?”

“आणि गावात कुणी बोललं नाही?” मी न राहवून विचारलं.

“गाव कुठं हाय पोरी? कोयनेच्या पान्याखाली गेलं. मानसं पांगली. हिचं घर, म्हायेर, जळाली ती जागा, समदं पान्यात. तिचं हे एवढंच उरलंय.”

हणमंतरावांनी माझ्याकडं हात पुढं केला. मी भिंग दिलं. ते डोळ्याला लावून त्यांनी टाक पाहिला. मी माळ धरली.

“कुठले दात?” त्यांनी विचारलं.

“खालचं दोन. वरचं आलं नव्हतं अजून.”

“दिसायला कशी होती ती?”

“मी कुठं बघितली?” अनसाबाई म्हणाल्या. “मी आले तवा ती गेलीली. मी बी हीच एवढी बघितलीय.”

हणमंतराव पुन्हा वाकून टाकावरचा चेहरा बघू लागले, तसे अण्णा हळूच म्हणाले, “सुभेदारसाहेब, तोंडात शोधू नका. ते साच्यातलं आहे. सोनाराकडं असे टाक तयार असतात, सगळ्यांचं तोंड एकच. त्याच्यावर खरं काय असेल तर ते तुमचे दात.”

तेव्हा सुभेदार रडले. आवाज न करता, मिशा पुसत, अगदी साधं रडले. अनसाबाईंनी पदर पुढं केला, त्यांनी तो तोंडाला लावला. मी आणि अण्णा दोऱ्यांची रिळं लावत बसलो, जी आधीच लावलेली होती.

थोड्या वेळानं ते उठून अण्णांपाशी आले. “अण्णा, मी काल तुम्हाला चोर म्हणालो.”

“तुम्ही नुसतं विचारलंत,” अण्णा म्हणाले. “सिद्ध केलं ते माझ्या मुलीनं. भिंग लावून.”

अनसाबाई खुदकन हसल्या, आणि मग आम्ही सगळेच हसलो. मी अण्णांचे पाय धरले तर म्हणाले, “पाय राहू दे. त्या मंडळींना कागद हवाय, तो लिही. अक्षर तुझं चांगलं आहे.”

मी लिहिलं: पुतळ्यांची माळ, पुतळ्या चाळीस, सर्व जुन्या व अस्सल. शेवटच्या जागी चांदीचा टाक होता, तो घरचा आहे आणि घरी ठेवला आहे. हणमंतरावांनी वाचलं आणि म्हणाले, “खाली लिहा, टाक कुणाचा ते. सारजा साळुंखे. कळू दे त्यांनाही नंदाच्या दोन आज्या आहेत.” मी ते लिहिलं. पुढं त्या आत्याबाई लग्नात आधी अनसाबाईंच्या पाया पडल्या आणि मग विहिणीला भेटल्या, असं ऐकलं.

माळ नंदाला जायची होती. टाक मात्र अनसाबाई सोडेनात. “त्यो माज्या गळ्यातनं मी मेल्यावरच उतरल,” त्या म्हणाल्या. “मग हणमंतानं देवात ठिवावा. पर आता लपवायचा न्हाई. मुलामा काढ, पोरी. आन काळ्या दोऱ्यात ओव, पयल्यासारखा.”

अण्णांनी कात्री माझ्यापुढं सरकवली. “तू गाठव.”

मी हिरव्या धाग्याची ती गाठ सोडली. अर्धा मुलामा उडालेलाच होता, उरलेला मऊ राखेनं घासून काढला. चांदी वर आली. दातांच्या दोन खड्ड्यांत मात्र सोनं राहिलं. ते मी काढलं नाही आणि अण्णांनीही काढ म्हटलं नाही.

काळ्या दोऱ्यात टाक ओवला आणि अनसाबाईंच्या मागं जाऊन बसले. त्यांनी पदर खाली घेतला, अंबाडा वर धरला. आणि मानेवर, जिथं गोंडा येतो त्याच्या डावीकडं, मला एक डाग दिसला. गोल, गुळगुळीत, टाकाएवढा. इतक्या वर्षांत घासून घासून तिथली कातडी काळसर झाली होती. आज अण्णा नाहीत, गादीवर मी बसते, पण पाठ बघ म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

मी हणमंतरावांना खुणेनं बोलावलं. ते आईच्या पाठीशी येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्या डागावर बोट टेकवलं.

“एकेचाळीस,” ते म्हणाले.

“बराबर,” अनसाबाई म्हणाल्या.